तेरा आणि पंधरा

कॅलिफोर्नियात बारावी पूर्ण करून डिप्लोमा घेणाऱ्या मुलाला बोर्डाची परीक्षा द्यावी लागत नाही. आसनक्रमांक नाही, परीक्षा केंद्र नाही, अख्ख्या राज्याचा निकाल एकाच दिवशी लागणे नाही. अकरावीत राज्याची एक चाचणी होते, पण तिच्या गुणांचा डिप्लोम्याशी संबंध नसतो. मग मूल उत्तीर्ण झाले हे ठरते कशावरून? चार वर्षांच्या नोंदीवरून. नववी ते बारावी कोणत्या सेमिस्टरला कोणता विषय घेतला आणि त्या विषयाच्या शिक्षकाने कोणती ग्रेड दिली, हे सगळे ज्या कागदावर उतरते त्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. त्या कागदावरचे विषय ठरलेल्या यादीशी ताडून पाहायचे आणि सगळे रकाने भरलेले असले की डिप्लोमा द्यायचा, अशी ही पद्धत आहे.

यादी राज्याच्या शिक्षण संहितेच्या ५१२२५.३ या कलमात सापडते. इंग्रजी तीन वर्षे. गणित दोन वर्षे, त्यातले एक तरी बीजगणिताच्या पहिल्या पायरीचे किंवा त्याच्या वरचे. विज्ञान दोन वर्षे, एक जीवशास्त्राकडचे आणि एक भौतिक विज्ञानांकडचे. सामाजिक शास्त्रे तीन वर्षे. त्यात अमेरिकेचा इतिहास, जगाचा इतिहास आणि तिसऱ्या वर्षात अर्धे नागरिकशास्त्र, अर्धे अर्थशास्त्र. शारीरिक शिक्षण दोन वर्षे. शिवाय कला, परकी भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी कशाचे तरी एक वर्ष. बेरीज तेरा होते. शाळेचा दिवस साधारण सहा तासिकांचा धरला, तर चार वर्षांत चोवीस विषय घेता येतात. म्हणजे राज्य मुलाच्या जेमतेम निम्म्या वेळापत्रकाबद्दल बोलते आणि बाकीच्याबद्दल गप्प राहते.

बाकीचे ठरवतात स्थानिक शाळा मंडळे. कॅलिफोर्नियात नऊशेहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी मंडळाचे सभासद गावातल्या मतदारांनी निवडून दिलेले असतात. कोणी चौथ्या वर्षाचे इंग्रजी घालते, कोणी गणिताचे तिसरे वर्ष, कोणी आरोग्यशिक्षण, कोणी समाजसेवेचे तास. हिशेब क्रेडिटमध्ये होतो. बऱ्याच ठिकाणी वर्षभराच्या विषयाला दहा क्रेडिट मिळतात. त्या मापाने राज्याच्या तेरा विषयांचे १३० क्रेडिट होतात, आणि मंडळे मात्र दोनशेच्या वर कुठेतरी आपली रेघ ओढतात. एकाच महानगरातल्या दोन शेजारी शाळांत डिप्लोम्याची किंमत वेगवेगळी असू शकते. हायवेच्या अलीकडे राहणाऱ्या मुलाला गणित तीन वर्षे सक्तीचे, पलीकडच्याला दोन.

या क्रेडिटच्या मुळाशी जी गोष्ट आहे, तिचा मुलांशी काडीचाही संबंध नव्हता. ती होती म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनची. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजातल्या शिक्षकांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून एक कोटी डॉलर दिले. निधी सांभाळायला संस्था स्थापन झाली आणि तिच्या प्रमुखपदी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट आले. पहिलाच प्रश्न पडला, पेन्शन कोणत्या कॉलेजांना द्यायची? त्या काळी अमेरिकेत कॉलेज म्हणवून घेणाऱ्या कित्येक संस्था हायस्कूलच्या पुढे फारशा गेलेल्या नव्हत्या. म्हणून संस्थेने अट घातली, की प्रवेशासाठी हायस्कूलचे चार वर्षांचे शिक्षण मागणारे कॉलेजच खरे कॉलेज. पण चार वर्षांचे शिक्षण मोजायचे कसे? त्यासाठी एक एकक ठरले: एका विषयाचे वर्षभरात १२० तास अध्यापन. अशी चौदा एकके मागणारे कॉलेज पेन्शनला पात्र. कॉलेजांनी पेन्शनसाठी अट मान्य केली आणि कॉलेजांसाठी शाळांनी. थोड्याच वर्षांत देशभरची हायस्कुले याच मापाने विषय मोजू लागली, आणि आजही त्याला कार्नेगी एकक म्हणतात.

हे माप ज्ञानाचे कधीच नव्हते. ते वेळेचे होते. अमुक तास वर्गात बसून मूल काय शिकले, हे एककाला कळत नाही. कार्नेगी यांच्या संस्थेनेच अलीकडे या मापाचा फेरविचार हाती घेतला आहे. तरीही ते शंभराहून अधिक वर्षे टिकले, कारण त्याच्यावर वेळापत्रक उभे आहे, शिक्षकांचे पगार उभे आहेत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाची नोंद उभी आहे. मला यात एक गुणही दिसतो. एका सकाळी आजारी पडल्याने किंवा केंद्रावर उशिरा पोहोचल्याने इथे मुलाचे वर्ष वाया जात नाही. चार वर्षांची बरी-वाईट कमाई थोडी थोडी साठत जाते.

राज्याची तेराची यादी आज ज्या रूपात दिसते, त्याची सुरुवात १९८३ ची. त्या वर्षी केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगाचा ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा अहवाल आला आणि देश हादरला. मुले सोप्या, किरकोळ विषयांत वेळ घालवतात, असे त्यात परखडपणे म्हटले होते. हायस्कूलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्रजी चार वर्षे, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे तीन-तीन वर्षे आणि संगणकशास्त्र अर्धे वर्ष असावे, अशी शिफारस होती. कॅलिफोर्नियाने तोवर ही गोष्ट बहुतांशी स्थानिक मंडळांवर सोडली होती. त्याच वर्षी राज्याने शिक्षण सुधारणेचा मोठा कायदा केला आणि किमान विषयांची सक्ती आणली. मात्र आयोगाने सुचवलेल्या आकड्यांपेक्षा ती पुष्कळ सौम्य होती. गणित दोन, विज्ञान दोन. चाळीस वर्षे उलटली, हे दोन आकडे तसेच आहेत.

आता दुसरी यादी. ती राज्याच्या विधिमंडळाची नव्हे, राज्याच्याच विद्यापीठाची.

कॅलिफोर्नियाची सरकारी उच्च शिक्षणाची इमारत १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’वर बांधलेली आहे. क्लार्क कर हे त्यामागचे प्रमुख नाव. ते तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष होते. बर्कली आणि लॉस एंजेलिसची कीर्तिमान विद्यापीठे ज्या व्यवस्थेत येतात तिने हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांतून विद्यार्थी घ्यावेत, स्टेट युनिव्हर्सिटीने वरच्या एकतृतीयांशातून, आणि कम्युनिटी कॉलेजांनी येईल त्याला दार उघडावे, अशी ती वाटणी. पहिल्या दोन्हींत थेट प्रवेश हवा असेल तर हायस्कूलमध्ये विशिष्ट विषय झालेले असावे लागतात. या विषयांचे सात गट आहेत आणि त्यांना ए पासून जी पर्यंतची अक्षरे दिली आहेत. म्हणून शाळेत, घरात, मुलांना विषयनिवडीचा सल्ला देणाऱ्या काउन्सेलरच्या खोलीत, सगळीकडे या यादीला ‘ए-टू-जी’ म्हणतात. इतिहास आणि समाजशास्त्र दोन वर्षे, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दोन, कला एक, आणि कॉलेजच्या तोडीचा एक ऐच्छिक विषय. एकूण पंधरा. प्रत्येकात सी किंवा त्याहून चांगली ग्रेड हवी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी पंधरापैकी अकरा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी झालेले हवेत.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. तेरा आणि पंधरा, फरक दोनचाच वाटतो. पण तेरातली शारीरिक शिक्षणाची दोन वर्षे विद्यापीठ मोजत नाही, सामाजिक शास्त्रांचे तिसरे वर्षही विद्यापीठाला सक्तीने नको असते, आणि विद्यापीठाला हवी असलेली भाषेची दोन वर्षे राज्याच्या यादीत मुळी बंधनकारक नाहीत. गणिताचे एक वर्ष कमी, इंग्रजीचे एक कमी. ग्रेडचा फरक तर त्याहून मोठा. डी ग्रेड मिळाली तरी शाळेत विषय सुटतो, क्रेडिट जमा होते, डिप्लोमा मिळतो. विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र तो विषय झालेलाच नसतो. (गणितात आणि भाषेत एक सवलत आहे: वरच्या पायरीच्या वर्गात चांगली ग्रेड मिळवली तर खालच्या पायरीची कमतरता भरून निघते.) शिवाय विषयाचे नाव बरोबर असून भागत नाही. प्रत्येक शाळेने आपला प्रत्येक विषय विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा असतो. एका शाळेतला पर्यावरणशास्त्राचा वर्ग मंजूर यादीत असतो, दुसऱ्या शाळेतला नसतो, आणि वर्गात बसलेल्या मुलाला हे सहसा समजत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली कळ लगेच समजेल. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेला मुलगा पुढे इंजिनीअरिंगला जातो म्हणाला, तर उशीर झालेला असतो. पण आपल्याकडे ती निवड दहावीच्या निकालानंतर, घरातल्या चार मोठ्यांच्या चर्चेत, उघडपणे होते. कॅलिफोर्नियात ती चौदाव्या वर्षी, नववीचे वेळापत्रक भरताना, कोणाला न कळता होऊन जाते. दहावीत गणिताचे दुसरे वर्ष संपते, राज्याची अट पूर्ण होते, पुढचे गणित अवघड आहे असे मित्र सांगतात, त्या तासिकेला दुसरे काही सोपे मिळते. बारावीच्या जूनमध्ये मुलगी गाऊन आणि चौकोनी टोपी घालून मंचावर जाते, आईवडील डोळे पुसतात, आणि राज्याच्या करातून चालणाऱ्या दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांमध्ये तिचा थेट प्रवेश दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला असतो. दर वर्षी डिप्लोमा घेणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांची ए-टू-जी यादी अपुरी असते.

शाळांनी पालकांना कॉलेज प्रवेशाच्या अटी दर वर्षी लेखी कळवाव्यात, असा कायदा आहे आणि शाळा तो पाळतात. वर्षारंभी घरी येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ती सूचना असते. पण आईवडील स्वतः कॉलेजात गेलेले असले तर त्यांना त्या कागदाची गरजच नसते. आणि शेतात किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात दोन पाळ्या करणाऱ्या, जेमतेम इंग्रजी वाचणाऱ्या आईला त्यातून काय कळावे? उरतो काउन्सेलर. या पेशाच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. कॅलिफोर्नियात कित्येक वर्षे एकेका काउन्सेलरकडे त्याच्या दुपटीहून जास्त मुले होती. माझे स्पष्ट मत आहे, की जी व्यवस्था प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर देते, ती प्रश्न माहीत नसलेल्यांच्या मुलांवर अन्याय करते. हेतू कितीही चांगला असला तरी.

हा अन्याय मुलांनी फार पूर्वी ओळखला होता. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतले हजारो विद्यार्थी वर्गांतून उठून रस्त्यावर आले. गारफिल्ड, रूझवेल्ट, लिंकन, विल्सन, बेलमाँट अशी त्या शाळांची नावे. बहुतेक मुले मेक्सिकन वंशाची. शाळेत स्पॅनिश बोलले तर शिक्षा होई, मुलांना सुतारकामाकडे आणि मुलींना शिवणकामाकडे किंवा टंकलेखनाकडे वळवले जाई, कॉलेजची तयारी करून घेणारे वर्ग मागून मिळत नसत. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्ट्रो मुलांच्या पाठीशी उभे राहिले. तेरा संघटकांवर कट रचल्याचे गुन्हे दाखल झाले, त्यांत कास्ट्रोही होते. त्यांची नोकरी गेली आणि पालकांनी, विद्यार्थ्यांनी शाळा मंडळाच्या कार्यालयात ठाण मांडल्यावर ती परत मिळाली. मुलांच्या मागण्यांत आपला इतिहास शिकवा ही होती, आपल्या भाषेचा मान राखा ही होती, आणि आम्हाला कॉलेजला पोहोचवणारे विषय द्या हीसुद्धा होती.

तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, सॅन होजे शहराच्या मोठ्या डिस्ट्रिक्टने ठरवले, की आपल्याकडे विद्यापीठाची यादी हीच डिप्लोम्याची यादी. जून २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मंडळाने तसाच ठराव केला. तिथे तेव्हा सात लाखांवर विद्यार्थी होते, आणि ठरावासाठी झटणाऱ्यांत त्याच पूर्व भागातले विद्यार्थी आणि पालक पुढे होते. ज्या शाळांत यादीतल्या विषयांचे वर्ग नव्हते तिथे ते सुरू करावे लागणार होते. ठरावाला विरोध करणारेही मुलांचे शत्रू नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की बीजगणिताच्या दुसऱ्या पायरीवर अडखळणारा मुलगा आज डिप्लोमा घेऊन कामाला लागतो. उद्या तो डिप्लोम्याविना शाळा सोडेल.

भीती पोकळ नव्हती. अंमलबजावणी जवळ आली तशी मंडळाने २०१२ मध्ये लागणारी एकूण क्रेडिट २३० वरून २१० वर आणली, जेणेकरून नापास झालेला विषय पुन्हा करायला वेळापत्रकात जागा उरेल. सी ग्रेडची सक्ती २०१७ च्या तुकडीपासून लागू व्हायची होती. जून २०१५ मध्ये ती मागे घेतली आणि डी पुरेशी ठरवली. उरलेले क्रेडिट भरून काढण्यासाठी सुट्टीतले आणि ऑनलाइन वर्ग मोठ्या प्रमाणात निघाले, आणि त्यांत खरे किती शिकवले जाते याबद्दल शंका घेतल्या गेल्या. डी घेऊन पंधरा विषय केलेल्या मुलाला डिप्लोमा मिळतो, विद्यापीठ मिळत नाही. म्हणजे याद्या एक झाल्या तरी मधली फट पुरती बुजली नाही. तरीसुद्धा मला तो ठराव योग्य वाटतो. आता वर्ग तर प्रत्येक शाळेत असतो. पूर्वी मूल वर्गात शिरण्याआधीच वगळले जाई. आता वर्गात बसलेल्या मुलाला सी पर्यंत नेण्याचे काम उरते, आणि ते शिक्षकांच्या हातातले आहे.

मध्यंतरी राज्याने परीक्षेचा मार्गही चोखाळून पाहिला. १९९९ च्या कायद्याने हायस्कूल एक्झिट परीक्षा आली आणि २००६ च्या तुकडीपासून ती उत्तीर्ण झाल्याशिवाय डिप्लोमा बंद झाला. गणित आठवीपर्यंतचे, इंग्रजी दहावीपर्यंतचे; नापास होणाऱ्यांत इंग्रजी नव्याने शिकणारी आणि अपंगत्व असलेली मुले जास्त. प्रकरण कोर्टात गेले, पण परीक्षा टिकली. संपली ती २०१५ मध्ये, आणि तीही विचित्र तऱ्हेने. परीक्षा घेणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपला, जुलैची फेरी रद्द झाली, आणि सगळे विषय पूर्ण केलेली, काही तर कॉलेजात प्रवेश मिळालेली मुले अशा परीक्षेसाठी अडकली जी कोणी घेणारच नव्हते. विधिमंडळाने ऑगस्टमध्ये घाईने कायदा करून त्यांना सोडवले. मागाहून २००४ पर्यंतच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही डिप्लोमे देण्याची तरतूद झाली, आणि २०१७ मध्ये परीक्षा कायमची गेली. २०२० मध्ये विद्यापीठानेही प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेचा आग्रह सोडला. आता ट्रान्स्क्रिप्टवरच्या विषयांचे वजन पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे.

बे एरियातल्या मराठी घरांत ही यादी सहसा तोंडपाठ असते. पण बदलीवर आलेल्या कुटुंबाचा मुलगा दहावीत तिथे दाखल झाला की तिथेही गोंधळ उडतो, विशेषतः भाषेच्या अटीपाशी. विद्यापीठाचा नियम असा, की सहावीपासून पुढे दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य माध्यमाच्या शाळेत नीट शिकलेल्या मुलाची भाषेची अट पूर्ण झाली असे मानता येते. साताऱ्यातल्या मराठी शाळेतून सातवी करून गेलेली मुलगी यात बसते. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमातून गेलेला तिचा मावसभाऊ, घरी तितकेच मराठी बोलत असूनही, या नियमात बसत नाही. तो बहुधा स्पॅनिशच्या पहिल्या वर्गात बसतो. मराठी माध्यमाच्या दाखल्याची अशी किंमत आपल्याकडे क्वचितच कोणी करते. तो सांभाळून न्यावा.

शाळा बदलण्याचा खरा मार बसतो तो आईवडिलांपासून दूर, शासनाच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांना. एका घरातून दुसऱ्या घरात, एका डिस्ट्रिक्टमधून दुसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी जास्तीच्या अटी वेगळ्या, आणि आधीच्या ठिकाणचे अर्धवट सेमिस्टर कुठे जमा व्हायचे याचा पत्ता नाही. २००९ च्या कायद्याने त्यांना मोकळीक दिली: दहावीनंतर शाळा बदललेल्या अशा मुलाला वेळेत सगळे पूर्ण करणे शक्य नसेल, तर स्थानिक वाढीव अटी माफ, राज्याचे तेरा विषय पुरेसे. पुढे बेघर मुले, सैनिकांची मुले, हंगामी शेतमजुरांची मुले यांनाही ती सवलत मिळाली. सवलत घेतल्याने कॉलेज प्रवेशावर काय परिणाम होईल, हे मुलाला आधी समजावून सांगणे शाळेवर बंधनकारक आहे, आणि हवे तर पाचव्या वर्षी शाळेत राहून सगळे विषय पूर्ण करण्याचा हक्कही त्याला आहे.

मंचावरच्या त्या मुलीचाही रस्ता पुरता खुंटत नाही. मास्टर प्लॅनने कम्युनिटी कॉलेजांचे दार सगळ्यांना उघडे ठेवले आहे, राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत, आणि तिथे दोन वर्षे करून विद्यापीठात बदली घेता येते. अनेक जण घेतातही. पण हायस्कूलमध्ये फुकट मिळू शकला असता तो बीजगणिताचा वर्ग आता नोकरी सांभाळून संध्याकाळी करायचा असतो, आणि त्या वाटेवर निघालेल्यांपैकी पुष्कळ जण विद्यापीठापर्यंत पोहोचत नाहीत.

यादीत भर घालण्याची हौस मात्र विधिमंडळाला अजून आहे. २०२१ मध्ये वांशिक समूहांच्या अभ्यासाचे एक सेमिस्टर २०३० च्या तुकडीपासून सक्तीचे करण्याचा कायदा झाला. राज्याने पैसे दिले तरच तो लागू होईल, ही अट कायद्यातच आहे. २०२४ मध्ये वैयक्तिक अर्थनियोजनाचे एक सेमिस्टर आले, २०३१ च्या तुकडीसाठी. घरभाडे, कर्ज, कर, विमा हे मुलांना कळावे याबद्दल दुमत नाही, आणि जागा नसेल तर अर्थशास्त्राच्या सेमिस्टरऐवजी ते घेऊ देण्याची मुभाही ठेवली आहे. या कायद्यांनी गणिताच्या दोन वर्षांना हात लावलेला नाही, इंग्रजीच्या तीन वर्षांनाही नाही, आणि दुसरी भाषा अजून ऐच्छिकच आहे.